प्रकल्पासाठी द्विरूपी बुरशी निवडताना: कँडिडा की हिस्टोप्लाझ्मा?

नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी ‘रूप बदलणाऱ्या बुरश्या’ हा विषय डोक्यात असेल, तर पुस्तकात दोन नावं आधी भेटतात: कँडिडा अल्बिकन्स आणि हिस्टोप्लाझ्मा कॅप्स्युलेटम. दोघीही यीस्ट (सुट्या, गोलसर पेशी) आणि तंतू (लांब धागे) अशी दोन्ही रूपं घेतात. पण त्यांची दिशा उलटी आहे, आणि निवड करताना आधी हेच समजून घ्यायला हवं.

हिस्टोप्लाझ्मा वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा मिसळलेल्या मातीत तंतुरूपात वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात गेले की ३७ अंशांच्या उबेत ती यीस्ट होते. मग शरीराच्या ज्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींनी तिला गिळून संपवायचं, त्यांच्याच पोटात ती वाढते. कँडिडा मुळातच आपल्या तोंडात आणि आतड्यात यीस्ट म्हणून नांदते. ऊतीत घुसायची वेळ आली की ती तंतू काढते. पेशींचं आवरण फोडणारं कँडिडालायसिन हे विष तंतूंकडूनच येतं, हे २०१६ साली उघड झालं. तिचं यीस्टरूप निरुपद्रवी असतं असं मात्र नाही. रक्तातून पसरायला तेच सोयीचं.

रूप बदलायचा इशाराही दोघींचा वेगळा. हिस्टोप्लाझ्माला तापमान पुरतं. डीआरके१ हे किनेज (पेशीत इशारा पुढे पोहोचवणारं प्रथिन) दाबून टाकलं तर ती ३७ अंशांनाही तंतुरूपातच राहते आणि उंदरांमध्ये तिची मारकता घटते, हे २००६ साली दाखवलं गेलं. कँडिडा मात्र सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव), सामू, कार्बन डायऑक्साइड, एन-असिटाइल ग्लुकोसामाइन ही शर्करा असं बरंच काही एकत्र जोखते. प्रकल्पाला हे फार सोयीचं, कारण एकेक घटक बदलून तंतू मोजता येतात.

प्रयोगशाळेत तर तुलनाच संपते. कँडिडा ३७ अंशांच्या सीरममध्ये दोन ते तीन तासांत जर्म ट्यूब, म्हणजे यीस्टमधून निघणारा तंतूचा पहिला कोंब, काढते. सकाळी लावलं की जेवणाआधी स्लाइड बघता येते. पेशी मात्र कमी घ्या. गर्दी झाली की त्या पेशींनीच सोडलेलं फार्नेसॉल हे रसायन साचतं आणि तंतू निघत नाहीत. जर्म ट्यूब न दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. हिस्टोप्लाझ्माची वाढ आणि रूपांतर व्हायला आठवडे जातात. शिवाय तिच्या तंतुरूपाचे बीजाणू हवेत उडतात, म्हणून त्या कल्चरला जैवसुरक्षा पातळी ३ ची, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त, प्रयोगशाळा लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायचा विचारही करू नका. यात तडजोडीला जागा नाही. तिच्यावरच जीव असेल तर उपलब्ध जनुकीय माहितीवर संगणकीय काम करा, तेही चांगलं काम आहे.

२०२१ मध्ये नागपूरने म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) रुग्ण पाहिले, त्यामुळे त्या बुरशीकडेही ओढा वाटतो. पण रुग्णाच्या ऊतीत ती तंतूच राहते. काही म्युकर यीस्ट होतात ते ऑक्सिजन कमी असताना. तो प्रश्न निराळा.

माझं मत कँडिडाच्या बाजूने आहे. तापमानावरच काम करायचं असेल तर स्पोरोथ्रिक्स हा तिसरा पर्याय घ्या. काटा लागून त्वचेत शिरणारी ही बुरशी २५ अंशांना तंतू आणि ३५ ते ३७ ला यीस्ट असते; तिला पातळी २ पुरते. अडचण २५ अंशांची आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा साधा इनक्युबेटर कामाचा नाही, थंड करणारा बीओडी इनक्युबेटर हवा, आणि वीज गेली तर त्याला बॅकअपही. कँडिडाची यीस्ट ३० अंशांना वाढवतात, पण एका रात्रीपुरती, त्यामुळे तिचं निभावतं. स्पोरोथ्रिक्सचं कल्चर मागवताना प्रजातीही विचारून घ्या: भारतात बरीच सापडणारी ग्लोबोसा ३७ अंशांना नीट वाढत नाही, तिच्या यीस्टसाठी ३५ अंशच ठेवा.