मॉस्कविच ३: नाव मॉस्कोचं, गाडी चीनची

मॉस्कोत १७ वर्षं राहतोय. परवा टॅक्सी म्हणून 'मॉस्कविच ३' आली. सीट ऐसपैस, हीटर झकास; बाहेर कडाक्याची थंडी आणि आत मी स्वेटर काढून बसलेला. चालक मात्र हळहळत होता. त्याच्या वडिलांकडे सोव्हिएत काळातली खरी मॉस्कविच होती. ही मुळात चीनच्या जॅक कंपनीची जेएस४. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे फ्रेंच मोटार कंपनी रेनॉ निघून गेली, तिच्याच इथल्या कारखान्यात नोव्हेंबरपासून ही जुळू लागली. आता रस्त्यावर हवाल, चेरी, जीली अशा चिनी गाड्या. बँकेतही डॉलरऐवजी युआन. गाडी चांगलीच आहे. पण गागारिनला अंतराळात धाडणाऱ्या देशानं राजधानीच्या नावाची मोटार शेजाऱ्याकडून आणावी, हे मनाला लागतं. उतरताना चालकानं विचारलं, "उद्या बीजिंगनं सुटे भाग अडवले तर?"