रेव्हन की मलिन? बडोद्यातल्या मुलाची बुद्धिचाचणी

घरी मराठी, शाळेत गुजराती. दांडिया बाजारातल्या अशा आठ वर्षांच्या मुलासाठी कोणती चाचणी?

रेव्हनच्या रंगीत चाचणीला भाषा फारशी लागत नाही. ३६ आकृत्या, प्रत्येकीच्या रिकाम्या जागेत बसणारा तुकडा सहांतून निवडायचा. कंटाळलेलं मूल मात्र सलग एकाच जागेवर बोट ठेवत सुटतं. तेव्हा थांबा, नाहीतर गुण फुकट.

भारतीय मुलांसाठी बनवलेली मलिनची चाचणी जवळपास दोन तास खाते, पण शाब्दिक आणि कृतीचा (ठोकळे, चित्रं वगैरेंचा) बुद्धिगुणांक वेगळा देते. अभ्यासात मागे का पडतो हे शोधायचं असेल तर आमचं मत हिलाच. घोळ होतो शाब्दिक भागात: परीक्षक ऐनवेळी प्रश्न मराठीत करतो, शब्द सोपा किंवा अवघड होतो, आणि प्रमाणकं (त्या वयाच्या मुलांचे तुलनेसाठीचे ठरलेले गुण) लागू पडत नाहीत. शाब्दिक गुणांक एकटाच घसरला असेल, तर आधी भाषा तपासा.