लहानपणीची गाडी दारात आणायची तर कुठली? पद्मिनी, अँबॅसॅडर आणि मारुती ८००

चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हल्ली हा विचार घोळत असतो. पोरं मार्गी लागली, चार पैसे हाताशी आले, आता ज्या गाडीनं आपल्याला गाड्यांचा नाद लावला ती स्वतःच्या नावावर असावी. प्रश्न एवढाच, की कुठली? कोल्हापूरकराला याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वेगळं शोधावं लागतं. इथं मशीन शॉप हाकेच्या अंतरावर आहेत, पन्हाळा-जोतिबा अर्ध्या-पाऊण तासावर आहेत, पश्चिमेला कुठंही निघालात तरी पुढं घाट आहे, आणि दर जुलै-ऑगस्टला पंचगंगेची पातळी बघत बसायची वेळ येते. जुनी गाडी निवडताना या सगळ्याचा हिशेब धरावा लागतो.

माझं मत आधीच सांगतो. गाडी चालवण्यातला आनंद हवा असेल आणि घरी कोरडी, छप्पर असलेली जागा असेल तर पद्मिनी घ्या. गाडी रोज बाहेर काढायची असेल तर मारुती ८००. अँबॅसॅडर मलाही प्रिय आहे, पण ती घेण्यासाठी तुमच्याकडं तसंच सबळ कारण हवं.

कॉन्टेसा, स्टँडर्ड हेरल्ड, प्रीमियर ११८ एनई यांच्यावर जीव असणारी माणसंही मला माहीत आहेत. त्यांचं प्रेम खरं आहे, पण सुट्या भागांसाठी गावोगाव फिरायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. जीप हा तर वेगळाच विषय आहे. इथं तीनच गाड्या धरतो.

नाद कुठं लागला ते आधी आठवा

कोल्हापुरात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे विस्फारून पाहिलेली गाडी म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक. दसऱ्याला दसरा चौकात ती भगव्या रंगाची लांबलचक गाडी येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली पोरं सोनं विसरून तिच्याकडं बघत राहतात. पण ती बघायची गाडी. नाद लागला तो घरातल्या, नात्यातल्या, शेजारच्या गाडीमुळं, आणि तो गाडीत कुठं बसून लागला यावर बरंच काही ठरतं.

मागच्या सीटवर चार भावंडांत दाटीवाटीनं बसून, खिडकीतून उसाचे फड बघत तुम्ही गाडीच्या प्रेमात पडला असाल तर ती बहुतेक अँबॅसॅडर होती. पुढं बसून, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा मामा कसा खाली-वर ओढतात हे टक लावून बघत असाल तर ती पद्मिनी असणार. आणि ज्यांनी मैदानात किंवा विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर क्लच सोडायला शिकत पहिल्यांदा गाडी हलवली, त्यांची ती ८०० होती.

माझा नाद मामांच्या पद्मिनीतला. सकाळी थंड इंजिन चालू करायला चोक ओढायचा, थोडं थांबायचं, मग चोक हळूहळू आत ढकलायचा, हा सगळा क्रम मी पाढ्यांआधी पाठ केला होता. आंबा घाटात उन्हाळ्यात गाडी गुदमरली की मामा बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचे. पंप तापला की पेट्रोलची वाफ होते आणि ती नळीत अडकते, हे मला शाळेत कुणी शिकवायच्या आधी त्या घाटात समजलं. यंत्र कसं काम करतं हे डोळ्यांनी दिसणं, हीच पद्मिनीची मोठी देणगी आहे, आणि माझा कल तिच्याकडं का आहे तेही यातून कळेल.

पद्मिनी

ही मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती मुंबईत कुर्ल्याला बांधली. त्याआधीची, पुढची दारं उलटी उघडणारी गोल पाठीची फियाट आपल्याकडं 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जायची. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११००डी आली, सत्तरच्या दशकात तीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि सन २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली, तेव्हापासून चांगल्या खासगी पद्मिनीची विचारपूस वाढली आहे.

१,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, पुढं कॉइल स्प्रिंग आणि मागं पाटे (लीफ स्प्रिंग). वजन नऊशे किलोच्या आसपास, त्यामुळं वळणावर ती अँबॅसॅडरपेक्षा कितीतरी चपळ वाटते. पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज ऐकत जाणं हे सुख मी कुठल्याही नव्या गाडीत अनुभवलेलं नाही. स्टिअरिंगला पॉवर नाही, ब्रेकना जोर देणारा बूस्टर नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर गिअरनं गाडी आवरायची सवय हवी. ब्रेक दाबत खाली आलात तर पायथ्याला पोहोचेपर्यंत ड्रम तापलेले असतात.

तिची खरी परीक्षा पत्र्याची. या तिन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही, अंगच चासीचं काम करतं. म्हणून दाराखालचे पट्टे, पुढच्या सीटखालची जमीन, डिकीचा तळ आणि मागचे पाटे जिथं बोल्टनं बसतात त्या जागा गंजल्या असतील तर तो दिसण्यापुरता दोष राहत नाही, गाडीचा सांगाडाच कमकुवत झालेला असतो. इंजिन गेलं तरी घाबरू नका, पण गंजलेल्या अंगावर रंग मारून ठेवलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. चुंबक खिशात ठेवा आणि दाराखालच्या भागावर फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे.

इंजिनाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहे. शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांचं हे गाव आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या, शिकणं सगळं हातानं झालेल्या यंत्रज्ञाचं नाव इथं अजून आदरानं घेतात. शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्हच्या सीट कापून मिळतात, बुश लेथवर नवीन करून मिळतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या देशभरातल्या वाहन कंपन्यांना ओतीव भाग पुरवतात, त्यामुळं लोखंड समजणारी माणसं इथं कमी नाहीत. मात्र कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा भाग) जमवणारा मिस्त्री शोधून ठेवा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी लावून पॉइंटची गॅप घेणारे हात आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून ते काम स्वतः शिकून घेतलं तर पद्मिनी पुढची वीस वर्षं तुमच्याकडं नीट राहील. आणि खरं सांगायचं तर लहानपणी त्या बॉनेटखाली डोकावताना आपल्याला हेच तर करायचं होतं.

अँबॅसॅडर

इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत बनत राहिलेली. इतका दीर्घ काळ चालल्यामुळं कुठल्या सालची गाडी घेताय यावर अनुभव पूर्ण बदलतो. 'मार्क' नावाच्या जुन्या आवृत्त्यांत १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगखालचा गिअर. नव्वदच्या दशकात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, त्याच्यासोबत जमिनीवरचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. गाडी खरोखर महामार्गावर न्यायची असेल तर हीच इसुझूची घ्या. लहानपणीचा आवाज आणि चाल हवी असेल तर जुनी मार्क.

मागच्या सीटचा आराम इतर दोघींत नाही. पुढं टॉर्शन बार, मागं पाटे, उंच बसणं, आणि गगनबावड्याकडच्या खड्ड्यांतून जाताना आजीलाही त्रास न होणारी मऊ चाल. घरातली सगळी माणसं घेऊन नृसिंहवाडीला जायचं असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती अकराशे किलोच्या वर जाते, वळायला जागा मागते, आणि महाद्वार रोड-ताराबाई रोडच्या गर्दीत तिला घेऊन जाणं म्हणजे शिक्षा. जुन्या पेठेतल्या घराच्या फाटकातून ती आत जाते का, हे फीत लावून मोजल्याशिवाय सौदा करू नका. पेट्रोलही मोकळ्या हातानं पिते.

म्हणून म्हटलं, कारण हवं. वडिलांची, आजोबांची तीच गाडी नात्यात कुठं पडून असेल, तर ते कारण पुरेसं आहे. ती घ्या, खर्च करा.

मारुती ८००

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली ८०० ग्राहकाच्या हातात गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची बनली. मोठ्या शहरांत २०१० मध्येच तिची विक्री थांबली होती, तरी लहान गावांत ती मिळत राहिली. म्हणून आपल्या भागात शेवटच्या वर्षांतल्या, फारशा न चाललेल्या गाड्या अजूनही सापडतात.

७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ताकद, वजन साडेसहाशे किलोच्या घरात. ताकद बहुतेक गाड्यांत चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच, पण हलक्या अंगामुळं ती तिघींत सगळ्यात चटपटीत. किल्ली फिरवली की चालू होते, सुटे भाग जवळपास कुठंही मिळतात, आणि तिचं काम न येणारा मिस्त्री सापडणार नाही. टायमिंग बेल्ट मात्र वेळच्या वेळी बदला. बाकी दोघींच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत चेन आहे, त्यामुळं ती सवय असलेला माणूस बेल्ट विसरतो.

१९८३ ते ८६ मधली पहिली चौकोनी गाडी, एसएस८०, संग्राहकांच्या आवडीची आहे, पण तिचे बाहेरचे पत्रे आणि दिवे मिळवणं कठीण. पहिलाच प्रयोग असेल तर नंतरची गोलसर एसबी३०८ घ्या, शक्यतो कार्ब्युरेटरची. २००० नंतरची, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारी एमपीएफआय वापरायला सोपी आहे, पण बॉनेटखाली हात घालून शिकण्यासारखं तिच्यात कमी उरलं आहे.

पूर, पाऊस आणि उसाचं इथेनॉल

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना मी सगळ्यात जास्त वेळ इथं घालवेन. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल भागांतल्या आणि नदीकाठच्या गावांतल्या किती गाड्या पाण्यात गेल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. कार्पेट उचला, सीटच्या पट्ट्या ओढून बघा, दाराचं आतलं कव्हर काढून तळाला बारीक वाळलेला गाळ आहे का पाहा. हेडलाइटच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ राहते, ती सहसा कुणी पुसत नाही. मालकाला नाव-गाव विचारताना गाडी त्या पावसाळ्यात कुठं उभी होती हेही विचारा.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आपल्या जिल्ह्याच्या उसाचाही त्यात वाटा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे, पण १९८० ची रबरी नळी या इंधनासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, पंपाचा पडदा खराब करतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि टाकीतला जुना गंज सैल करून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये नेऊन घालतं. पावसाळ्याचे चार महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवलेली पद्मिनी दिवाळीला चालू होत नाही, त्यामागं बहुतेकदा हेच असतं. नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणारे बसवा, टाकी उतरवून आतून साफ करा, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा. ८०० मध्ये हा त्रास सगळ्यात कमी.

कागद

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये ही फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. शिवाय पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २०२१ च्या नियमानुसार नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जुनी फियाट, प्रेसिडेंट आणि सुरुवातीची पद्मिनी यात बसते, जुनी अँबॅसॅडरही. ८०० ला त्यासाठी २०३३ उजाडेल.

इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. पद्मिनी-अँबॅसॅडरमध्ये गेल्या चाळीस वर्षांत कुणीतरी दुसरं इंजिन बसवलेलं असणं अगदी सामान्य आहे. ती नोंद कागदावर नसेल तर सौद्याआधी विक्रेत्यालाच आरटीओत ती करून द्यायला लावा. कोल्हापूरच्या एमएच-०९ च्याही आधीच्या जुन्या नंबराची गाडी मिळाली तर तो नंबर मोडू देऊ नका.

गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात रंग आणि सीट कव्हरवर पैसे घालू नका. आधी ब्रेकच्या सिलिंडरचे रबर, पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटरचे होज, वायरिंगचे सैल सांधे आणि टायर. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूच्या रबराला तडे असतील तर पाचही बदला. मग आधी सपाट रस्त्यानं जोतिबाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणा, पाणी आणि ऑइल बघा, आणि ते ठीक असेल तर पुढच्या रविवारी घाट चढा.