काही महिन्यांच्या वापरानंतर: १० इंची पोर्टेबल टेबल सॉ आणि त्याचं अलाइनमेंट

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर येणारं गोल ब्लेड असलेली विजेची करवत; १० इंच हा ब्लेडचा व्यास. मोटरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दीड इंच जाडीचं कठीण लाकूडही हा सॉ न अडखळता उभं चिरतो. इतके महिने वापरल्यावर लिहायचं आहे ते अचूकपणाबद्दल, म्हणजे अलाइनमेंटबद्दल (भाग एकमेकांशी सरळ जुळवणं), कारण कपाटाचं दार चौकटीत नीट बसणार की नाही हे ताकदीवर ठरत नाही. या सॉमधून उत्तम काप निघतो, मात्र खोक्यातून काढल्या काढल्या नाही. आणि तो मिळवायचा तर दुरुस्ती ठरावीक क्रमानेच करावी लागते.

सुरुवातीला तक्रारी तीन होत्या. फळीची कड काळी पडायची, आडव्या कापावर ओरखडे उठायचे आणि काटकोन जुळायचा नाही. अशा वेळी हात आधी फेन्सकडे जातो, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतात त्या पट्टीकडे. पण फेन्स हलते, ब्लेडही हलवता येतं. टेबलावर कायमची आणि सरळ गोष्ट एकच, माइटरची खाच, म्हणजे आडव्या-तिरक्या कापासाठी फळी धरणारा माइटर गेज जिच्यात सरकतो ती. सगळी मापं तिथूनच घ्यायची.

त्याआधी प्लग काढायचा आणि ब्लेड उतरवून फ्लँज (ब्लेड जिला टेकून घट्ट बसतं ती चकती) पुसायचा. फ्लँजचा व्यास जेमतेम ४०-४५ मिमी असतो, ब्लेडचा २५४. फ्लँजमागे भुशाचा कण अडकला तर त्याची चूक ब्लेडच्या कडेला सहापट होऊन दिसते. ब्लेडवर चढलेली डिंकाची पुटंही काढायची. लाकूड जळण्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं, आणि अशा वेळी बोल्ट सैल केले तर चांगलं बसलेलं अलाइनमेंट उगाच जातं.

मग ब्लेड पूर्ण वर घ्यायचं. एका दातावर मार्करने खूण करायची, तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजायचं, नंतर ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन वेगळे दात मोजले तर ब्लेडचा स्वतःचा डगमगाट मापात मिसळतो, म्हणून दात तोच हवा. डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारं मापक) असेल तर उत्तम. नसेल तर माइटर गेजला पट्टी घट्ट बांधून तिच्या टोकाशी फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवलं तरी काम होतं. माझ्या सॉमध्ये पुढच्या-मागच्या मापात ०.३५ मिमीचा फरक निघाला. तो ०.०५ पर्यंत आणला.

सगळ्यात चिकाटी इथे लागते. टेबलाखाली मोटर आणि ब्लेडचा सांगाडा धरणारे चार बोल्ट आहेत. तीन सैल करायचे, चौथा जरासाच ढिला ठेवून त्याच्याभोवती सांगाडा लाकडी ठोकळ्याने हलकेच सरकवायचा. माप जुळलं म्हणून बोल्ट एकदम आवळले की सांगाडा पुन्हा सरकतो. तिरके समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं आणि दर वेळी मोजायचं. या एका कामात माझी अख्खी संध्याकाळ गेली, पण ओरखडे तेव्हाच थांबले. आवाजावरूनही कळतं: ब्लेडच्या पुढच्या भागाने कापून झाल्यावर मागचे दात लाकडाला घासत सर्रर्र करत असतील, तर ब्लेड तिरकं आहे.

फेन्स त्यानंतर, तीही खाचेला समांतर. मागचं टोक पुढच्या टोकापेक्षा ब्लेडपासून ०.०५ ते ०.१ मिमी जास्त दूर असलं तर चालतं, जवळ मात्र अजिबात नको. जवळ असेल तर फळी फेन्स आणि मागच्या दातांमध्ये चिमटली जाते. मागचे दात वर येत असतात, ते फळी उचलून थेट आपल्या अंगावर फेकतात. हाच किकबॅक. मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या १० इंची ब्लेडचा दात सेकंदाला सुमारे ६६ मीटर वेगाने जातो. फळीची फेन्सच्या बाजूची कड जळत असेल तर आधी फेन्स तपासावी, ते जळणं किकबॅकची पूर्वसूचना असू शकतं. याच कारणासाठी राइव्हिंग नाइफ (ब्लेडमागची, कापलेली फट मिटू न देणारी पाती) मी कधीच काढून ठेवत नाही. नवीन ब्लेड घेताना नाइफची जाडी बघावी: ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, कापाच्या रुंदीपेक्षा कमी. सोबत आलेलं ब्लेड सुमार होतं. ४० दातांचं चांगलं ब्लेड लावल्यावर फरक लगेच दिसला.

ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का, हे पाहायला गुण्यापेक्षा मला काप जास्त खात्रीचा वाटतो. सरळ फळी आडवी कापायची, एक तुकडा उलटा करून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी.

माइटर गेजचा काटकोन तपासायला पाच कापांची पद्धत. चौकोनी तुकड्याच्या चारही कडा ओळीने कापायच्या, दर वेळी नुकतीच कापलेली कड गेजला टेकवून. पाचव्या कापाला पहिलीच कड पुन्हा कापायची आणि निघालेल्या पट्टीची दोन्ही टोकांची रुंदी मोजायची. फरकाला चाराने भागलं की पट्टीच्या लांबीवरची खरी चूक मिळते. ३८० मिमीच्या पट्टीवर ०.४० फरक म्हणजे चूक ०.१० मिमी. माझ्या गेजची पट्टी खाचेत हलायची. तिच्या बाजूला सेंटर पंचने चार-पाच ठिपके मारून उंचवटे काढले, खेळ गेला.

आता काय टिकलं ते. ब्लेडचं खाचेशी जुळवलेलं माप जराही हललेलं नाही, सॉ उचलून इकडेतिकडे नेऊनही. ९० अंशांचा स्टॉप (ब्लेडला काटकोनात थांबवणारा अडसर) मात्र सारखा चुकतो, कारण त्याच्या मागे भुसा दाबून बसतो. ब्रश मारला की ठीक. उंचीच्या स्क्रूला तेल लावू नये, भुसा चिकटून लगदा होतो. कोरडं मेण लावावं. ४५ अंशांवर मी अजून समाधानी नाही. सरळ असताना समांतर असलेलं ब्लेड झुकवल्यावर किंचित फिरतं. पुढच्या दोन बोल्टांखाली पातळ पत्र्याच्या शिम घातल्यावर बरंच सुधारलं, पण चौकटीचे तिरके सांधे मी अजूनही वेगळ्या सॉवर कापतो.

असा सॉ घेणार असाल तर मोटरचे वॉट नंतर वाचा. फेन्स पाच-सहा वेळा उघडून लावा आणि दर वेळी पुढचं-मागचं अंतर मोजा. टेबलाखालच्या बोल्टांपर्यंत पाना पोचतो का, तेही वाकून बघा. तो पोचत नसेल तर तो सॉ घेऊ नका.