निम्म्या निवृत्तीसाठी शिडाची बोट: पायऱ्या कुत्र्याच्या पायांनी मोजा

बोट बघायला गेलं की नजर आधी डोलकाठीवर जाते, मग शिडांवर, मग माणूस खाली उतरून लाकूडकामावर हात फिरवतो. पण निम्मी निवृत्ती घेऊन, थोडं काम तिथूनच करत दोघांनी बोटीवर राहायचं आणि बरोबर कुत्राही असेल, तर हा क्रम उलटा करा. आधी डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीत, उभे राहा आणि तिथून झोपायच्या जागेपर्यंत किती चढउतार आहेत ते मोजा. २५ किलोचं ओलं, वाळूने माखलेलं जनावर रोज सकाळ-संध्याकाळ याच वाटेने न्यायचं आहे. बोटीवर राहणाऱ्या जोडप्यांचा बराचसा काळ नांगर टाकूनच जातो. त्यामुळे बोट चालते कशी, याइतकंच ती उभी असताना कशी वागते हे बघावं लागतं. माझ्या लेखी थोडं जास्तच.

लांबी ३५ ते ४० फूट धरू. त्याहून लहान बोटीत एकाची ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन डेकवर जायचं, पाऊस असला तरी. त्याहून मोठ्या बोटीत शिडं आणि नांगर इतके जड होतात की एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला बोट एकट्याने बंदरात आणणं अवघड जातं.

या मापात पहिला पर्याय म्हणजे जड, जुन्या वळणाची मोनोहल, म्हणजे एकाच तळाची बोट. हॉलबर्ग-रॅसी ३६ हा स्वीडिश नमुना घ्या: लांबी ११.३१ मीटर, रुंदी ३.५५ मीटर, वजन साधारण साडेसात टन. खवळलेल्या समुद्रात अशी बोट संथ, वजनदार झोके घेते. आडवी झाली तरी कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) वजनाने पुन्हा सरळ होते. कॉकपिटपुढे (सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेपुढे) काच असल्याने अंगावर पाण्याचे सपकारे कमी येतात. पण पाण्यातून वर यायला मागे उभी शिडी आणि केबिनमध्ये उतरायला चढा जिना. फॉक्स टेरियरला काखेत मारून हे जमतं. लॅब्रॅडॉरला उचलून एक-दोन महिने जमतं, मग कंबर बोलू लागते.

शिवाय मोनोहल वाऱ्यावर १५-२० अंश कलते. माणूस हाताने काहीतरी धरतो. कुत्र्याची नखं पॉलिश केलेल्या फळ्यांवर घसरतात. खाली रबरी चटई टाकली आणि कलत्या बाजूच्या बाकावर कापडाचा आडोसा करून दिला, की बरेच कुत्रे तिथे वेटोळं घालून पडतात. माझ्या मते कलण्याची भीती लोक जरा जास्तच घेतात. कुत्र्याला कल सवयीचा होतो, जिना होत नाही.

दुसरा पर्याय आधुनिक, रुंद पाठीची मोनोहल, उदाहरणार्थ बेनेतो ओशियानिस ३८. मागची भिंत खाली उघडते आणि पाण्यालगत ओटा तयार होतो. डिंगीतून कुत्रा स्वतः उडी मारून येतो, त्याला तिथेच गोड्या पाण्याने धुता येतं आणि आत जायचा जिनाही तुलनेने कमी चढाचा आहे. हलक्या वाऱ्यात ती जड बोटींपेक्षा छान चालते. वाऱ्याच्या तोंडावर जाताना मात्र तिचा चपटा तळ लाटांवर आपटतो, आणि त्या आवाजाने काही कुत्रे थरथरत बसतात. वापरलेली घेणार असाल तर ती आधी भाड्याने फिरवली जात होती का, हे नक्की विचारा. तशा बोटींच्या इंजिनाचे तास आणि दोऱ्या आणि त्या ओढायच्या विंचची झीज वयाच्या मानाने जास्त असते.

आता कॅटामरान, म्हणजे दोन तळांची बोट. शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलेला, म्हणजे बांधलेले ओंडके. आजच्या कॅटमध्ये त्या ओंडक्यांवर अख्खी बैठक बसवलेली असते. लगून ३८० ची लांबी ११.५५ मीटर आणि रुंदी ६.५३ मीटर आहे; ती जेमतेम १.१५ मीटर खोल बसते. कॉकपिट आणि बैठक एका पातळीवर, मधे सरकतं दार, मागे दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी यापेक्षा सोयीची रचना नाही. कलणं फार थोडं, त्यामुळे चालत्या बोटीतही पाण्याचं भांडं सहसा सांडत नाही. कामासाठी टेबल उजेडात आणि छतावर सोलर पॅनलला भरपूर जागा. दोघांचे लॅपटॉप, फ्रिज आणि उपग्रह इंटरनेट धरलं तर १२ व्होल्टवर दिवसाला २०० अँपिअर-तास सहज जातात. मोनोहलच्या मागच्या कमानीवर बसणारी ४०० वॅटची पॅनलं चांगल्या उन्हातही त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतात. कॅटवर याच्या दुप्पट पॅनलं निवांत बसतात.

जाहिरातीत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. दोन तळांमधल्या पोकळीत लाट आपटली की जमिनीखालून धाडकन आवाज येतो. कॅटच्या झोक्यात लय नसते. मोनोहलवर निवांत असलेला कुत्रा इथे ओकू शकतो. पुढे दोन तळांमधे ताणलेली जाळी माणसांना लोळायला मस्त, पण कुत्र्याचे पंजे तिच्या भोकांत अडकतात, म्हणून त्याला पुढे मोकळं सोडता येत नाही. खर्चही दुहेरी: दोन इंजिनं, दोन सुकाणू, अनेक मरीनांत (बोटी उभ्या करायच्या धक्क्यांवर) दीडपट किंवा दुप्पट भाडं, आणि बोट पाण्याबाहेर काढणारी रुंद क्रेन प्रत्येक यार्डात नसते. तुम्ही वर्षातले सहा महिनेच राहणार आणि उरलेले सहा बोट यार्डात ठेवणार असाल, तर या शेवटच्या गोष्टीची चौकशी बोट घेण्याआधी करा. शिवाय कॅटला ओझं सोसत नाही. जागा दिसते म्हणून माणूस भरत जातो आणि तिचा वेग जातो. एकदा उलटलीच तर ती सहसा तरंगत राहते, पण स्वतःहून सरळ होत नाही.

मरीनाच्या भाड्याच्या प्रश्नावर एक मधला उपाय आहे: जेमिनी १०५एमसी. ही कॅट असून फक्त १४ फूट रुंद, त्यामुळे साध्या जागेत मावते. इंजिन एकच. खालच्या फळ्या वर घेतल्या की अवघ्या १८ इंच पाण्यात तरंगते, म्हणजे कुत्र्याच्या वाळूपर्यंतचा डिंगीचा प्रवास अगदी आखूड. पण ती हलकी आहे. मी तिला किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायची बोट म्हणेन, महासागराची नव्हे.

आणखी एक नमुना लोक विसरतात. नॉटिकॅट ३३ सारख्या फिनिश बोटीत काचबंद खोलीतून सुकाणू धरता येतं, डेकला उंच कठडा असतो आणि दारं थेट बाजूच्या डेकवर उघडतात. हलक्या वाऱ्यात ती रेंगाळते, डिझेल पिते. थंड, पावसाळी पाण्यात मात्र काम करणारा माणूस आणि कुत्रा दोघंही कोरडे राहतात, आणि कोरडा कुत्रा असलेल्या केबिनची किंमत ओला कुत्रा असलेल्या केबिनमध्ये आठवडा काढल्यावर कळते.

महासागर ओलांडायची बोट हवी का, हे पुष्कळदा कुत्र्याच्या कागदपत्रांवर ठरतं. युरोपीय संघात आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर २१ दिवस थांबणं. काही देशांतून आल्यास रक्ततपासणी आणि पुढचे ३ महिने. खासगी बोटीने कुत्रा ग्रेट ब्रिटनमध्ये नेता येत नाही. आयर्लंडसारख्या जवळच्या बेटांवरून येणाऱ्यांना तेवढी सूट आहे. रस्ता असा आक्रसत असेल तर वादळं झेलणाऱ्या जड बोटीचा हट्ट कशाला? लांबचा पल्ला ठरलाच असेल तर डेकवरच्या कृत्रिम गवतावर आटोपायची सवय आधी जमिनीवर लावा. साडेपाच नॉटने (ताशी साडेपाच सागरी मैल) दिवसाला सुमारे १३० सागरी मैल होतात, म्हणजे ४०० मैलांना तीन दिवस. तेवढा वेळ कुत्र्याने धरून ठेवायची अपेक्षा करू नये.

मी काय घेईन? कुत्रा लहान, उचलण्याजोगा आणि डोक्यात महासागर असेल तर जुनी जड मोनोहल, आनंदाने. कुत्रा मोठा आणि किनाऱ्याजवळचंच फिरणं असेल तर उघडत्या ओट्याची मोनोहल. मोठी कॅट फक्त तेव्हा, जेव्हा बोटीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढा वार्षिक खर्च निमूट भरता येईल. हिशेब करताना कुत्र्याचं आजचं वय धरू नका. आज चार वर्षांचा असेल तर सहा वर्षांनी तो दहाचा होईल आणि जिन्यापाशी उभा राहून तुमच्या तोंडाकडे बघेल. म्हणून सौद्याआधी त्याला बरोबर न्या, पट्टा सोडा आणि पायरीपाशी थांबून बघा तो स्वतःहून उतरतो का.