बीम तोच, आधार वेगळा: नागपूरच्या धंतोलीतील स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कार्यालयाचा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनचा लहानसा कारखाना आहे. कळमना बाजाराजवळच्या एका गोदामात पोटमाळा उभारण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा ग्राहकाने आधीच दुसरीकडून करून घेतलेला नकाशा हाती ठेवला. त्यात 6 मीटर गाळ्याचे आयएसएमबी 300 बीम (इंग्रजी I च्या आकाराचे, 300 मिलिमीटर उंचीचे) दोन-दोन मीटरवर होते आणि त्यांवर चेकर्ड प्लेटची, म्हणजे नक्षीदार पत्र्याची फरशी होती. प्लेटा वेल्ड करायच्या नाहीत, कारण गरज पडेल तेव्हा त्या उचलून माल वर घेता आला पाहिजे, अशी ग्राहकाची अट होती. ही अट मनाला खटकली, म्हणून नकाशा या कार्यालयात तपासणीला दिला.

अभियंत्याने पहिलाच प्रश्न विचारला तो बीमच्या वरच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) बाजूने कोण धरून ठेवते, हा. आधीच्या गणितात बीमला सलग आधार आहे असे गृहीत धरले होते, आणि तसे धरले तर आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याची वाकण्याची क्षमता 148 किलोन्यूटन-मीटर येते. मात्र नुसत्या टेकवलेल्या प्लेटांचा भरवसा धरायला ते तयार झाले नाहीत. मग आधाराविना, म्हणजे बाजूने न धरलेली, लांबी पूर्ण 6 मीटर होते आणि तोच बीम 56 वर उतरतो, तर आमच्या भाराला 84 हवे होते. हे आकडे त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडले. या बीमचे उभ्या वाकण्याविरुद्धचे जडत्वाघूर्ण (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे 8604 सेंमी⁴ आहे आणि आडव्या दिशेने जेमतेम 454, म्हणजे जवळपास एकोणिसावा हिस्सा. दाबाखालचा वरचा फ्लँज बाजूला सरकू लागला की बीम पीळ खात पडतो, आणि तेव्हा उभ्या दिशेची ताकद कितीही असली तरी ती कामी येत नाही.

मी म्हटले, मग आयएसएमबी 400 टाकू या. त्यांनी तेही करून दाखवले: मीटरमागे 17 किलो जास्त लोखंड आणि क्षमता 98. त्याऐवजी प्रत्येक बीमला दोन ठिकाणी आडवे चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे लोखंड) जोडून आधाराविना लांबी 2 मीटरवर आणली, तर जुनाच 300 चा बीम 128 देतो. चॅनेल नुसते बीमाबीमात जोडून भागणार नाही, सगळे बीम एकत्रच एका बाजूला झुकतील, म्हणून एका गाळ्यात तिरपे अँगल टाकून तो आधार खांबांपर्यंत पोहोचवायला त्यांनी सांगितले. ही गोष्ट वीस वर्षे लोखंड कापणाऱ्या मला खरोखरच ठाऊक नव्हती.

साइटवर आणखी एक गंमत झाली. मी व्हर्निअरने फ्लँजच्या काठाशी जाडी मोजली, ती 8 मिलिमीटरच्या आसपास आली, आणि बीम बनवणाऱ्या गिरणीने फसवले म्हणून माझा पारा चढला. त्यांनी शांतपणे व्हर्निअर वेब (मधली उभी पट्टी) आणि काठ यांच्या मधोमध सरकवला, तेव्हा साडेबाराच्या जवळ भरले. फ्लँजची आतली बाजू उतरती असते आणि तक्त्यातली जाडी मधली असते, हे तेव्हा डोक्यात शिरले. कोणता तक्ता धरला आहे, हेही त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिले आहे, कारण 1964च्या हँडबुकात याच बीमचे वजन मीटरला 44.2 किलो आहे, तर आयएस 808 या बीमच्या मापांच्या मानकाच्या 1989च्या आवृत्तीत 46.0. हिशेब त्यांनी हलक्या बीमचा केला.

आता तक्रारी. आठवड्यात मिळेल म्हटलेला अहवाल तिसऱ्या आठवड्यात मिळाला, आणि तोवर ग्राहकाचे रोजचे फोन मला झेलावे लागले. नकाशावरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत आहेत, त्यामुळे कुठला चॅनेल वरच्या फ्लँजला लागून हवा, हे वेल्डरला शेडच्या जमिनीवर खडूने काढून दाखवावे लागले. कार्यालयापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही, पण धंतोलीत ती कुणालाच मिळत नाही, तेव्हा त्याचा दोष त्यांना देणे बरे नव्हे.

फी वाजवी वाटली. बुटीबोरीच्या पुढच्या कामाचा नकाशाही त्यांच्याकडेच दिला आहे, मात्र या खेपेस अहवालाची तारीख कार्यादेशावर लिहून घेतली आहे.