घोडेस्वारांची मिरवणूक: ‘मूळ रेखाटन’ म्हणून विकलेली नक्कल

सौदा ऑनलाइन झाला आणि चित्र चौकटीबाहेर काढून कुणी पाहिलंच नाही. विक्रेता युरोपातला, खरेदीदार पुण्याचा. जाहिरातीत होतं: स्तेफानो देल्ला बेल्ला (सतराव्या शतकातला इटालियन चित्रकार), पिसाची लेखणी, तपकिरी शाई; पोलंडचा राजदूत ओसोलिन्स्की १६३३ मध्ये रोममध्ये शिरला त्या मिरवणुकीचं पूर्वरेखाटन. मिरवणूक खरी, देल्ला बेल्लाने तिच्यावर सहा पत्र्यांचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर घेतलेला छाप) केलं तेही खरं. खोटं होतं ते फक्त विकलेलं चित्र.

पहिली शंका दिशेवरून यायला हवी होती. पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून पूर्वरेखाटनातले घोडे बहुधा छापाच्या उलट दिशेला चालतात. इथे दिशा तीच, पायांची ठेवणही तीच. (चित्रकार कधी रेखाटन उलटवूनही पत्र्यावर घेत, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नये.) मग दहापट भिंग. खऱ्या रेखाटनात झपाट्याने ओढलेली रेष शेवटी निमुळती होते, घोड्याचा पुढचा पाय दोन-तीनदा चाचपलेला दिसतो. इथे सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आणि लगामावर तीन ठिकाणी शाईचे बारीक ठिपके. नक्कल करणारा मूळ चित्राकडे बघायला थांबला की असे पडतात.

कागद मात्र जुना होता, आणि खरेदीदार त्यालाच भुलला. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं याच कामासाठी काढली जातात; एरिक हेबॉर्न या इंग्रज बनावटकाराने जुन्या कागदावर जुन्या चित्रकारांच्या शैलीत रेखाटनं करून मोठमोठ्या तज्ज्ञांना गंडवलं. उजेडासमोर साधारण अडीच सेंटीमीटरवर उभ्या रेषा (हातकागदाच्या साच्यातल्या तारांच्या खुणा) दिसल्या म्हणून चित्र जुनं ठरत नाही. कसरीची भोकं बघा. शाई भोकाच्या आतल्या कडेत झिरपली असेल तर भोक आधीचं, रेष नंतरची. त्या काळची माजूफळ-हिराकसाची शाई इतक्या वर्षांत बहुधा पाठीमागे तपकिरी उमटते, दाट जागी कागद चिरतो. इथे पाठ कोरी निघाली, पण ते कळलं चिकटवलेला पुठ्ठा सोडवल्यावर.

पैसे परत मिळाले नाहीत, कारण बिलावर ‘देल्ला बेल्लाच्या शैलीत’ एवढंच होतं. पैसे पाठवण्याआधी चौकटीबाहेरचे पुढचे, मागचे आणि तिरप्या उजेडातले फोटो मागवा. बिलावर चित्रकाराचं नुसतं नाव हवं, ‘शैलीत’ किंवा ‘अनुयायी’ नको. परताव्याची मुदतही तिथेच लिहून घ्या.